चारच्या वर, चारच्या खाली

पन्नाशी उलटलेल्या पुरुषांच्या आरोग्य तपासणीच्या पॅकेजमध्ये हल्ली साखर, कोलेस्टेरॉल, थायरॉइड यांच्या रांगेत आणखी एक तपासणी हमखास असते, ती म्हणजे पीएसए. रिपोर्टात तिच्यापुढे एक आकडा येतो आणि शेजारी ‘सर्वसाधारण मर्यादा ० ते ४’ असं छापलेलं असतं. आकडा ३.८ असला तर माणूस कागदाची घडी करून खिशात ठेवतो. ४.३ असला तर तो ठळक अक्षरांत येतो आणि त्या रात्री घरात कुणालाच नीट झोप लागत नाही. या दोन माणसांच्या प्रोस्टेटमध्ये काही फरक आहे का? आकड्यावरून तरी तो सांगता येत नाही. दोघांचं रक्त महिन्याभराने पुन्हा घेतलं तर आकड्यांची अदलाबदलही झालेली दिसेल. तरीही चारची ती रेघ जवळपास चाळीस वर्षं जगभरच्या लॅबमधून छापली जाते आहे आणि तिच्या आधाराने लाखो पुरुषांना बायोप्सीच्या सुया टोचल्या गेल्या आहेत.

प्रोस्टेट ही मूत्राशयाच्या तोंडाशी, मूत्रनलिकेला वेढून बसलेली छोटी ग्रंथी. तरुणपणी तिचं वजन वीस ग्रॅमच्या आसपास असतं. वीर्यातला काही द्रव तयार करणं हे तिचं काम. वीर्य बाहेर पडतं तेव्हा सेमिनोजेलिन नावाच्या प्रथिनांच्या जाळीमुळे ते घट्ट असतं. ही जाळी कापून काही मिनिटांत वीर्य पातळ करणारं आणि शुक्रजंतूंची वाट मोकळी करणारं विकर म्हणजे पीएसए, प्रोस्टेट स्पेसिफिक अँटिजेन. म्हणजे याचा मूळचा व्यवसाय प्रजननाचा, कर्करोगाशी त्याचं देणंघेणं नाही. ते प्रत्येक निरोगी पुरुषात असतंच. वीर्यात ते मिलिग्रॅममध्ये मोजतात, रक्तात नॅनोग्रॅममध्ये. या दोन मापांत दहा लाख पटींचं अंतर आहे.

इतकं मोठं अंतर राहतं ते ग्रंथीच्या बांधणीमुळे. पीएसए तयार करणाऱ्या पेशींचं तोंड नलिकेच्या पोकळीकडे असतं. त्यांच्या पाठीशी आधारपेशींचा एक थर, त्याच्याही मागे एक पातळ पडदा, आणि रक्तवाहिन्या त्या पडद्यापलीकडे. माल एका बाजूने बाहेर पडतो, दुसऱ्या बाजूला जेमतेम काही थेंब. कर्करोग झाला की ही बांधणी विस्कटते. आधारपेशींचा थर नाहीसा होतो, पेशी वाटेल त्या दिशेला तोंड करून वाढतात आणि पीएसए रक्तात झिरपतं. गंमत अशी की कर्करोगाची एकेक पेशी निरोगी पेशीपेक्षा कमीच पीएसए बनवते. रक्तातला आकडा वाढतो तो उत्पादन वाढल्यामुळे नव्हे, गळतीमुळे.

भिंतीवर ओल दिसली की वर कुठेतरी पाणी झिरपतंय एवढंच कळतं. पाइप फुटलाय, गच्चीला तडा गेलाय की वरच्या बिऱ्हाडाने नळ उघडा ठेवलाय, हे ओल सांगत नाही. पीएसएचंही तसंच आहे. वयानुसार प्रोस्टेट मोठी होते, तिच्यात पेशी जास्त म्हणून आकडा वाढतो. या वाढीचा कर्करोगाशी संबंध नसतो. प्रोस्टेटला सूज आली किंवा लघवीच्या मार्गात जंतुसंसर्ग झाला तर आकडा चारवरून थेट वीस-तीसवरही जातो आणि औषधांनंतर काही आठवड्यांत खाली येतो. लघवी तुंबून कॅथेटर घातला असेल तरी वाढतो. आदल्या एक-दोन दिवसांत वीर्यपतन झालं असेल किंवा सायकलवर लांबचा पल्ला मारला असेल, तरी थोडाफार वाढू शकतो. पॅकेजचं रक्त घ्यायला सकाळी सात वाजता घरी येणारा मुलगा ‘काही खाल्लं नाही ना?’ एवढंच विचारतो. साखरेसाठी ते बरोबर आहे. पीएसएला उपाशीपोटाशी काही कर्तव्य नाही. बाकीचे प्रश्न विचारायला हवेत, ते विचारले जात नाहीत.

या रेणूचा शोध कुणी लावला यावर बरीच वादावादी आहे. आयोवात रुबिन फ्लॉक्स यांनी १९६० साली प्रोस्टेटमधल्या खास प्रतिजनांकडे लक्ष वेधलं, रिचर्ड ॲब्लिन यांनी १९७० साली त्यात भर घातली. जपानमध्ये मित्सुवो हारा आणि कॅलिफोर्नियात जॉर्ज सेन्साबो हे दोघे मात्र कर्करोगाच्या मागे नव्हतेच. त्यांना बलात्काराच्या गुन्ह्यात कपड्यावरचा डाग वीर्याचाच आहे का, हे ठरवायचं होतं. नसबंदी झालेल्या गुन्हेगाराच्या वीर्यात शुक्रजंतू सापडत नाहीत, मग पुरावा काय धरायचा? प्रोस्टेटमधून येणारं एखादं प्रथिन सापडलं तर काम होईल, असा हिशेब. म्हणजे दवाखान्याच्याही आधी या प्रथिनाची गरज न्यायवैद्यक प्रयोगशाळेला पडली होती, आणि तिथे ते आजही वापरलं जातं. पुढे १९७९ साली बफेलोच्या रॉसवेल पार्क संस्थेत टी. मिंग चू यांच्या गटाने ते प्रोस्टेटमधून शुद्ध स्वरूपात वेगळं काढलं आणि वर्षभरात रुग्णांच्या रक्तात मोजूनही दाखवलं.

तोवर प्रोस्टेटच्या कर्करोगासाठी रक्तातली खूण म्हणजे ॲसिड फॉस्फेटेज. ती १९३८ साली न्यूयॉर्कमध्ये गुटमन दांपत्याने दाखवून दिली होती. पण हे विकर वाढायचं ते बहुधा कर्करोग हाडांत पोचल्यावर. स्टॅनफर्डचे थॉमस स्टेमी यांनी १९८७ साली दोन्ही खुणांची तुलना छापली आणि जुनी खूण बाद झाली. शस्त्रक्रियेने प्रोस्टेट काढली की पीएसए दर दोन-तीन दिवसांनी निम्मं होत जवळजवळ शून्यावर येतं. पुढे ते पुन्हा चढायला लागलं तर कुठेतरी पेशी उरल्या आहेत असा सरळ अर्थ. अमेरिकेत १९८६ साली या तपासणीला परवानगी मिळाली तीही याच कामासाठी, निदान झालेल्या रुग्णावर लक्ष ठेवण्यासाठी. या कामात पीएसएच्या तोडीची खूण कर्करोगशास्त्रात क्वचितच दुसरी सापडेल. घोळ झाला तो निरोगी माणसांवर ती वापरायला लागल्यावर.

सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठातले शल्यविशारद विल्यम कॅटलोना यांनी १९९१ साली पन्नाशीपुढच्या १,६५३ पुरुषांचं पीएसए मोजलं. ज्यांचा आकडा ४ ते ९.९ होता त्यांच्यातल्या बायोप्सी झालेल्यांपैकी २२ टक्क्यांत कर्करोग निघाला, दहाच्या वर ६७ टक्क्यांत. निकाल डोळे दिपवणारा होता. गुदमार्गातून बोटाने तपासून जे हाताला लागत नव्हतं ते रक्ताच्या थेंबात सापडत होतं. पण त्या आकडेवारीत एक आंधळी बाजू होती. चारच्या खाली असलेल्या त्या शेकडो पुरुषांची बायोप्सी झालीच नव्हती. तिथे कर्करोग दिसला नाही, कारण तिथे कुणी पाहिलंच नाही. चार हा आकडा निसर्गाने आखलेला नव्हता. निरोगी समजलेल्या पुरुषांत बहुतेकांचा आकडा त्याखाली असतो, एवढाच त्याचा आधार.

ही बाजू उघडी पडली ती २००४ साली, आणि तीही आडवाटेने. फिनास्टराइड या औषधाने प्रोस्टेटचा कर्करोग टळतो का, हे पाहणारा मोठा अभ्यास अमेरिकेत चालू होता. त्यात सात वर्षांनी सगळ्यांनाच, आकडा कितीही असो, बायोप्सी सुचवली गेली. औषधाऐवजी साध्या गोळ्या घेतलेल्यांपैकी २,९५० पुरुषांचं पीएसए कधीच चारच्या वर गेलेलं नव्हतं आणि बोटाच्या तपासणीतही काही आढळलं नव्हतं. त्यांच्यातल्या १५.२ टक्क्यांत कर्करोग निघाला. आकडा ३.१ ते ४ असलेल्यांत २६.९ टक्के, आणि ०.५ किंवा त्याहून कमी असलेल्यांतही ६.६ टक्के. कॅटलोनांच्या २२ टक्क्यांशेजारी हे २६.९ ठेवून पाहावं. दोन अभ्यासांतली बायोप्सीची पद्धत वेगळी होती, त्यामुळे ही तुलना तंतोतंत नाही. पण चारच्या रेघेच्या दोन्ही बाजूंना दोन वेगळी जगं आहेत, ही समजूत त्यानंतर टिकण्यासारखी राहिली नाही. कुठलाही आकडा घ्या, त्याखाली कर्करोग नाही अशी हमी मिळत नाही. आकड्याबरोबर फक्त शक्यता हळूहळू वाढत जाते.

मग चारच्या खालीही सुया टोचायच्या का? इथेच या रोगाचा विचित्र स्वभाव समोर येतो. जॉन्स हॉपकिन्समध्ये अर्नोल्ड रिच यांनी १९३५ साली पन्नाशीपुढच्या २९२ पुरुषांच्या शवविच्छेदनांत प्रोस्टेट पाहिली. त्यांना १४ टक्क्यांत कर्करोगाच्या गाठी सापडल्या. ही माणसं दुसऱ्याच कशाने तरी गेली होती, अनेकांच्या बाबतीत त्या गाठीची कुणाला कल्पनाही नव्हती. अलीकडे, २०१३ साली, रशियन आणि जपानी पुरुषांवर असाच अभ्यास झाला. प्रोस्टेटचा रोग कधी निदान न झालेल्या या पुरुषांत प्रमाण निघालं अनुक्रमे ३७ आणि ३५ टक्के. म्हाताऱ्या पुरुषांच्या प्रोस्टेटमध्ये असे बारीक कर्करोग गपगुमान पडून असतात, त्यांतले बहुसंख्य कधीच डोकं वर काढत नाहीत. आणि त्याच नावाचा रोग दुसऱ्या एखाद्याच्या हाडांत शिरून त्याला दोन-तीन वर्षांत संपवतो. जगात २०२२ साली या कर्करोगाचे सुमारे १४ लाख ७० हजार नवे रुग्ण नोंदले गेले आणि सुमारे चार लाख मृत्यू झाले. या दोन आकड्यांमधली दरी काही उपचारांनी भरली आहे, तर काही अशा रुग्णांनी, ज्यांना मुळात उपचारांची गरजच नव्हती.

पीएसएचा खरा दोष कर्करोग हुकतो हा नव्हे. ते दोन्ही कर्करोग सारख्याच उत्साहाने पकडतं, आणि मुकाट पडून राहणारे संख्येने जास्त असल्यामुळे जाळ्यात तेच जास्त येतात.

अमेरिकेत नेमकं हेच झालं. सेनेटर बॉब डोल यांच्या प्रोस्टेटची शस्त्रक्रिया १९९१ साली झाली आणि त्यांनी पीएसएचा जाहीर पुरस्कार सुरू केला. पुढाऱ्याने, सेनाधिकाऱ्याने, खेळाडूने सांगितलं की लोक ऐकतात. नव्या रुग्णांची संख्या १९९२ साली शिगेला पोचली. हे सगळे एका वर्षात आजारी पडलेले नव्हते, एका वर्षात सापडलेले होते. शस्त्रक्रिया आणि किरणोपचारांचा सपाटा सुरू झाला. त्यानंतर लघवीवर ताबा न राहणं, लैंगिक क्षमता जाणं या गोष्टी मुकाट सोसणाऱ्या पुरुषांची एक पिढीच तयार झाली. याच चाचणीला नाव मिळवून देणारे स्टेमी २००४ साली पीएसएचा काळ संपला म्हणू लागले, आणि ॲब्लिन यांनी २०१० साली न्यूयॉर्क टाइम्समध्ये लेख लिहून सरसकट तपासणी हा पैशाचा अपव्यय आणि सार्वजनिक आरोग्याची आपत्ती असल्याचं सांगितलं. मला यात स्टेमींचं कौतुक जास्त वाटतं. आपणच उभी केलेली इमारत पाडायला निघणारे शल्यविशारद फार नसतात. तरी दोघांनीही लंबक जरा जास्तच दुसऱ्या टोकाला नेला असं माझं मत आहे.

कारण दुसरी बाजूही आकड्यांचीच आहे. युरोपात १९९३ साली सुरू झालेल्या अभ्यासात ५५ ते ६९ वयाच्या एक लाख ६२ हजार पुरुषांची चिठ्ठ्या टाकाव्यात तशी विभागणी झाली. काहींना दर काही वर्षांनी पीएसएसाठी बोलावलं, काहींना नाही. २००९ साली पहिला निकाल आला. बोलावलेल्या गटात प्रोस्टेटच्या कर्करोगाने होणारे मृत्यू २० टक्क्यांनी कमी होते, पण एक मृत्यू टाळायला १,४१० जणांना बोलवावं लागलं आणि ४८ जादा रुग्णांवर उपचार करावे लागले. हा सौदा फारच महाग वाटला. पण हा रोग संथ आहे, त्याचा हिशेब दहा वर्षांत लागत नाही. २३ वर्षांनंतरचा निकाल २०२५ साली आला, तेव्हा तेच आकडे ४५६ आणि १२ वर उतरले होते. सोप्या भाषेत, हजार पुरुषांना तपासणीला बोलावून तेवीस वर्षं त्यांचा मागोवा घेतला तर या रोगाने मरणारे सोळा असते ते चौदा होतात, आणि बदल्यात सत्तावीस जणांना अधिकचं निदान पदरात पडतं. फायदा खरा आहे, पण छोटा आहे आणि उशिरा मिळतो.

युरोपातला पहिला निकाल आला त्याच सुमारास अमेरिकेतला ७६ हजार पुरुषांचा अभ्यास मात्र फायदा शून्य म्हणत होता. त्याचं गूढ २०१६ साली उकललं. ज्या गटाची तपासणी करायची नव्हती, त्यातल्या जवळपास नव्वद टक्के पुरुषांनी बाहेर कुठे ना कुठे पीएसए करून घेतलंच होतं. तपासलेल्यांची तुलना तपासलेल्यांशीच झाली होती. पण त्याआधीच त्या निकालाच्या बळावर अमेरिकेच्या सरकारी तज्ज्ञगटाने २०१२ साली पीएसए नकोच असा सल्ला दिला, आणि २०१८ साली तो मागे घेऊन ५५ ते ६९ वयात डॉक्टरांशी बोलून आपापलं ठरवा, सत्तरीनंतर नको, असा नवा दिला. मधल्या काळात तिथे रोग पसरल्यावर निदान होणाऱ्यांचं प्रमाण वाढलं होतं.

हे गणित खऱ्या अर्थाने बदललं ते तपासणीमुळे नाही, सापडलेल्या कर्करोगाला हात न लावण्याचं धाडस डॉक्टरांनी केल्यामुळे. टोरंटोचे लॉरेन्स क्लॉट्झ यांनी १९९५च्या सुमारास कमी जोखमीच्या रुग्णांवर उपचार न करता नुसती नजर ठेवायला सुरुवात केली. ठरावीक काळाने पीएसए, पुन्हा बायोप्सी, आणि रोग आक्रमक होतोय असं दिसलं तरच उपचार. तेव्हा हे अनेकांना बेजबाबदारपणाचं वाटलं. ब्रिटनमधल्या एका अभ्यासात पीएसएवरून सापडलेल्या १,६४३ रुग्णांना नजर ठेवणं, शस्त्रक्रिया आणि किरणोपचार अशा तीन वाटांवर विभागलं होतं. पंधरा वर्षांनी, २०२३ साली पाहिलं तर तिन्ही गटांत मिळून या कर्करोगाने ४५ जण गेले होते, म्हणजे तीन टक्क्यांहूनही कमी, आणि तिन्ही वाटांत लक्षणीय फरक नव्हता. मात्र शस्त्रक्रियेच्या गटातल्या २४ टक्क्यांना बारा वर्षांनीही लघवीसाठी पॅड लागत होते. यातली बरीच माणसं घाई न करता थांबली असती तरी चाललं असतं.

आता प्रश्न असा की चढलेला आकडा हातात आल्यावर सुयांच्या आधी काही करता येतं का? इथे रक्तातल्या नव्या खुणांचं काम सुरू होतं. स्वीडनमधले हान्स लिल्या आणि फिनलंडमधले उल्फ-होकान स्टेनमन यांनी १९९१ साली दाखवलं की रक्तातलं बहुतेक पीएसए दुसऱ्या एका प्रथिनाला चिकटलेलं असतं, थोडंच मोकळं फिरतं. कर्करोगात मोकळ्याचं प्रमाण घटतं. एकूण आकडा ४ ते १० मध्ये असताना मोकळा हिस्सा दहा टक्क्यांच्या खाली असेल तर कर्करोगाची शक्यता ५६ टक्के, पंचवीसच्या वर असेल तर ८ टक्के, असं कॅटलोना यांच्याच १९९८च्या अभ्यासात निघालं. आपल्या लॅबच्या यादीत ‘फ्री पीएसए’ दिसतं ते हेच. त्यापुढची पायरी म्हणजे मोकळ्या पीएसएचाच एक अर्धवट कापलेला प्रकार मोजून त्यावरून काढलेला प्रोस्टेट हेल्थ इंडेक्स. अमेरिकेत चार जवळच्या प्रथिनांवरून काढतात तो फोर-के स्कोअर, तर स्वीडनमध्ये प्रथिनांसोबत जनुकांतले बारीक फरक, वय आणि घराण्याचा इतिहास एकत्र करून बनवलेली स्टॉकहोम-थ्री ही चाचणी. नावं भारदस्त असली तरी यातल्या मुख्य खुणा पीएसएच्याच भाऊबंदांच्या आहेत. कर्करोग आहे का यापेक्षा बायोप्सीची गरज असलेला कर्करोग आहे का, हा प्रश्न त्या विचारतात, म्हणून त्या जास्त उपयोगी. किंमत मात्र भारतात बहुतेकांना परवडण्यापलीकडची.

त्याउलट एक उपाय जवळजवळ फुकट आहे आणि त्याची चर्चा कमी होते. पोटाच्या सोनोग्राफीच्या रिपोर्टात प्रोस्टेटचं आकारमान किंवा वजन लिहिलेलं असतं. पीएसएचा आकडा त्याने भागायचा. एकाचं पीएसए ६ आणि प्रोस्टेट ८० ग्रॅमची, तर भागाकार ०.०७५. दुसऱ्याचं पीएसए ६ च, पण प्रोस्टेट २५ ग्रॅमची, तर ०.२४. डॉक्टर साधारण ०.१५ च्या आसपास रेघ धरतात. पहिल्याचं पीएसए बहुधा नुसत्या आकारामुळे वाढलंय, दुसऱ्याकडे लक्ष द्यायला हवं. पोटावरून केलेल्या सोनोग्राफीचं माप थोडं ढिसाळ असतं हे खरं, पण दोन माणसांच्या सहाच्या आकड्यांत केवढं अंतर असू शकतं हे त्यातून कळतं.

आणि मग एमआरआय. ब्रिटनच्या पुढाकाराने झालेल्या, २०१७ आणि २०१८ साली आलेल्या दोन मोठ्या अभ्यासांनी दाखवलं की आधी एमआरआय करून संशयास्पद जागीच सुई टोचली तर घातक कर्करोग जास्त सापडतात, निरुपद्रवी कमी. स्वीडनच्या गोथेनबर्गमध्ये २०२२ साली आढळलं की पीएसए चढलेल्या सगळ्यांची अंदाधुंद बायोप्सी न करता एमआरआयमध्ये दिसेल तिथलीच केली, तर निरुपद्रवी कर्करोगांची निदानं निम्म्यावर येतात. म्हणून आज चांगला युरोलॉजिस्ट चढलेला आकडा पाहून लगेच बायोप्सीची तारीख देत नाही. आधी संसर्ग नाही ना हे बघतो, काही आठवड्यांनी पीएसए पुन्हा करायला सांगतो, मग गरज वाटली तर एमआरआय. पुन्हा करण्याचा मुद्दा वेळकाढूपणाचा नाही. एका अमेरिकी अभ्यासात साठवलेल्या रक्तावरून दिसलं होतं की चारच्या वर गेलेल्यांपैकी ४४ टक्के पुरुषांचा आकडा नंतरच्या एखाद्या तपासणीत आपणहून चारच्या खाली आलेला होता.

या सगळ्या संशोधनात मला सर्वांत देखणा वाटतो तो दक्षिण स्वीडनमधल्या माल्मो शहरातला अभ्यास. तिथे १९७४ पासून आरोग्य तपासणीला आलेल्या हजारो नागरिकांचं रक्त गोठवून ठेवलं होतं, ते हृदयविकार आणि मधुमेहाच्या अभ्यासासाठी. पीएसएची तपासणी तेव्हा जन्माला यायची होती. त्यामुळे ना कुणाची बायोप्सी झाली, ना कुणाचा आकडा पाहून जीव टांगणीला लागला. पुढची दोन-तीन दशकं रोग आपल्या मूळ गतीने जात राहिला. मग हान्स लिल्या आणि न्यूयॉर्कचे अँड्र्यू व्हिकर्स यांनी ते रक्त बाहेर काढून पीएसए मोजलं आणि प्रत्येकाचं पुढे काय झालं ते सरकारी नोंदवह्यांत पाहिलं. साठाव्या वर्षी ज्यांचं पीएसए एक किंवा त्याहून कमी होतं, त्यांना वयाच्या ८५ पर्यंत प्रोस्टेटच्या कर्करोगाने मृत्यू येण्याची शक्यता निघाली ०.२ टक्के. या रोगाने गेलेल्यांपैकी नव्वद टक्के आले ते साठीला ज्यांचा आकडा दोनच्या वर होता त्या वरच्या पाव हिश्शातून. पंचेचाळीस ते एकोणपन्नास वयाच्या गटातही तसंच. वरच्या दहा टक्क्यांत, म्हणजे साधारण १.६च्या वर, असलेल्यांच्या वाट्याला पुढच्या पंचवीस-तीस वर्षांतले ४४ टक्के मृत्यू आले.

यात चारच्या रेघेचा पत्ताच नाही. तिच्याहून कितीतरी खालचे हे आकडे आहेत, आणि ते कर्करोग आता आहे का हे सांगत नाहीत, पुढे कुणावर लक्ष ठेवायचं आणि कुणाला मोकळं सोडायचं हे सांगतात. साठीला ०.७ आलेल्या माणसाने दरवर्षी पॅकेजमधलं पीएसए करत राहण्याचं काही कारण नाही. तसं करून त्याला मिळालीच तर एखादी खोटी धास्ती मिळेल. पंचेचाळिशीत दोन आलेला माणूस मात्र, रिपोर्टात ‘सर्वसाधारण’ छापलेलं असलं तरी, दोन-चार वर्षांनी परत यायला हवा. वडील किंवा भाऊ या रोगाने गेले असतील, किंवा घरात स्त्रियांना कमी वयात स्तनाचा कर्करोग झाला असेल, तर आणखी सावधपणे. बीआरसीए-२ हे जनुक बिघडलेलं असलं की बायकांत स्तनाचा आणि अंडाशयाचा, तर पुरुषांत प्रोस्टेटचा जरा जास्तच आक्रमक कर्करोग होऊ शकतो. ‘बायकांचा आजार’ म्हणून मावशी-आत्यांची ही माहिती मुलग्यांपर्यंत पोचतच नाही, हा आपल्या घरांतला जुना प्रकार आहे.

महाराष्ट्रात या रोगाची मोजदाद इतरांपेक्षा जुनी आहे. मुंबईची कर्करोग नोंदणी १९६३ साली सुरू झाली, देशातली पहिली, आणि ग्रामीण भागासाठीची बार्शीची १९८७ साली. काही वर्षांपूर्वी शहरी नोंदण्यांच्या आकड्यांवरून दिसलं की पुण्यात पुरुषांच्या कर्करोगांत प्रोस्टेट दुसऱ्या क्रमांकावर पोचली आहे, मुंबईत तिसऱ्या. आयुष्य लांबलं हे त्याचं मोठं कारण, तपासण्या वाढल्या हे दुसरं. सरकारी कार्यक्रमात तोंडाच्या, स्तनाच्या आणि गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची तपासणी आहे, प्रोस्टेटची नाही. आपल्याकडे तोंडाच्या कर्करोगाने चाललेला संहार पाहता हा क्रम योग्यच म्हणावा लागेल. मग पीएसए उरतं ते खाजगी पॅकेजांच्या हाती, आणि पॅकेजवाल्यांना वयाशी देणंघेणं नसतं. मुलाने हौसेने केलेल्या ‘फुल बॉडी चेकअप’मध्ये अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या आजोबांचं पीएसए ५.१ येतं आणि सुखाने फिरायला जाणारा माणूस दवाखान्याच्या चकरा मारू लागतो. त्या वयात ५.१ मध्ये विशेष काही नाही. अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष जो बायडेन यांना ८२व्या वर्षी, मे २०२५ मध्ये, हाडांपर्यंत पसरलेला प्रोस्टेटचा कर्करोग निघाला आणि त्यांचं शेवटचं पीएसए २०१४ साली झालं होतं हे कळल्यावर ‘राष्ट्राध्यक्षांचं कसं राहिलं?’ म्हणून गदारोळ झाला. खरं तर सत्तरीनंतर पीएसए थांबवणं हे तिथल्या शिफारशीला धरूनच होतं. शिफारशी हजारोंच्या सरासरीवर बेतलेल्या असतात, त्यात एखादा निसटतो.

लॅबच्या बाबतीत दोन बारीक गोष्टी. पीएसए मोजणारी यंत्रं दोन वेगवेगळ्या प्रमाणकांवर लावलेली असतात, त्यांच्या आकड्यांत वीस टक्क्यांच्या आसपास फरक पडतो. त्यामुळे यंदा एका लॅबमध्ये आणि पुढच्या वर्षी ऑफर पाहून दुसरीकडे केलं, तर आकडा चढला की लॅब बदलली हे कळायला मार्ग नाही. दुसरी गोष्ट गोळ्यांची. प्रोस्टेट आकसावी म्हणून देतात त्या फिनास्टराइड आणि ड्युटास्टराइड या गोळ्या सहा महिने ते वर्षभरात पीएसए निम्म्यावर आणतात. त्या चालू असताना आलेला २.५ हा खरा ५ असतो. केस गळू नयेत म्हणून घेतलेल्या छोट्या मात्रेच्या फिनास्टराइडनेही तेच होतं, आणि केसांच्या गोळीचा उल्लेख युरोलॉजिस्टपुढे सहसा कुणी करत नाही. लघवी मोकळी करणाऱ्या टॅम्सुलोसिनने आकड्यात फरक पडत नाही, पण बाजारात या दोन्हींची एकत्र गोळी मिळते, तेव्हा पाकिटावरचं नाव वाचून घ्यावं.

हा सगळा खल ज्याला काही त्रास नाही अशा पुरुषासाठी आहे. ज्याची लघवीची धार अचानक बारीक झाली, लघवीत रक्त दिसलं, किंवा साठीच्या पुढे कंबर-पाठ अशी धरली की रात्रीही झोपू देत नाही, त्याच्यासाठी नाही. असा माणूस आपल्याकडे आधी तेल चोळून घेतो, मग हाडांच्या डॉक्टरकडे जातो, महिनोन्‌महिने वेदनाशामक खातो, आणि शेवटी मणक्याच्या एमआरआयमध्ये डाग दिसल्यावर कुणाला तरी पीएसए आठवतं. तेव्हा ते चार-पाच नसतं, शेकड्यांत असतं. त्याच्या वयाचा, सरासरीचा, सत्तरीच्या मर्यादेचा काही प्रश्न येत नाही. त्याचं पीएसए पहिल्याच भेटीत व्हायला हवं होतं, आणि ते झालं असतं तर हाडांतल्या वेदनेवर, मणका दबण्याच्या आधी, उपचार सुरू करता आले असते.